काच, ज्योत आणि श्वास

मराठीत 'काच' हा शब्द दोन लिंगांत वावरतो. 'ती काच' म्हणजे आरशाची, कंदिलाची, बांगडीची. 'तो काच' म्हणजे जाच, घर्षण, सततचा त्रास. सासरचा काच सोसणारी आणि हातात काचेच्या बांगड्या भरलेली स्त्री बहुधा एकच असते, हा भाषेचा योगायोग आपल्या लोकगीतांनी पुरेपूर वापरला आहे. बांगडी फुटली असे आपण म्हणत नाही, 'वाढली' म्हणतो. वस्तूच्या मृत्यूविषयी एवढी हळवी असलेली ही भाषा त्या वस्तूच्या कर्त्याविषयी मात्र फारशी बोलत नाही. बांगडीची किणकिण आपल्या साहित्यात सर्वत्र ऐकू येते. ती ज्योतीवर वळवणाऱ्याचा खोकला क्वचितच. प्रस्तुत लेखाचा विषय तो खोकला आहे.

आरंभ शिरूर तालुक्यातून करता येईल. घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगावचे उत्खनन डेक्कन कॉलेजच्या वतीने १९६८ ते १९८३ या काळात झाले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यामागची नावे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची ही वस्ती. घराघरांत चुली आणि अग्निकुंडे सापडली, कुंभाराची मोठी गोल भट्टीही सापडली. ढवळीकरांचे एक निरीक्षण पुढे बरेच चर्चिले गेले. सधन शेतकऱ्यांची घरे वस्तीच्या मध्यभागी होती. कुंभार, सोनार, चुना भाजणारा, मणी करणारा अशा कारागिरांची घरे पश्चिमेच्या कडेला होती. यातून त्यांनी सामाजिक उतरंड वाचली.

या मांडणीत धुराचाही वाटा असेल का, असा प्रश्न सुचतो. त्याचे उत्तर मात्र सरळ नाही. दख्खनच्या पठारावर हिवाळ्यात वारा बहुतांशी पूर्वेकडून येतो; तेव्हा पश्चिम कडेच्या भट्टीचा धूर गावाबाहेर जाणार. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तो पश्चिमेकडून येतो. तेव्हा तोच धूर गावावर येणार. तेव्हा केवळ धुरासाठी ही रचना झाली असे म्हणता येत नाही, आणि उतरंडीचा अर्थच अधिक टिकाऊ वाटतो. कारण काहीही असो, परिणाम एकच: मोठा अग्नी वस्तीच्या कडेला गेला आणि त्याच्याबरोबर त्याचा कारागीरही गेला. वस्ती धुरापासून थोडीफार दूर राहिली. कारागीर राहिला नाही.

हीच गोष्ट पुढे जगाच्या दुसऱ्या टोकाला, आणि या वेळी लेखी आज्ञेने, घडली. १२९१ मध्ये व्हेनिसच्या शासनाने शहरातील काचभट्ट्या मुरानो बेटावर हलवण्याचा हुकूम काढला. कारण आगीचे भय. लाकडी घरांचे शहर वाचवायचे होते. भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसाच्या फुप्फुसांचा विचार त्या हुकुमात नव्हता. तो विचार ठळकपणे येण्यास १७०० हे वर्ष उजाडावे लागले. त्या वर्षी बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने कारागिरांच्या रोगांवरचा आपला लॅटिन ग्रंथ मोदेना येथे प्रसिद्ध केला. रोग्याला विचारावयाच्या प्रश्नांत 'तुझा धंदा कोणता?' हा प्रश्न त्याने घातला. काचकाम करणाऱ्यांवर त्याने स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि रंगीत काच करणाऱ्यांना अधिक अपाय होतो हे नोंदवले. रंग म्हणजे धातूंची संयुगे आणि ती तापली की त्यांचा धूर होतो, एवढे साधे पण दूरगामी सत्य त्यात होते.

महाराष्ट्रात आधुनिक काचेचा इतिहास स्वदेशीशी जोडलेला आहे. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. जपान आणि अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे कारखान्याची सूत्रे होती. पुढे १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला आणि 'प्रभाकर' कंदील घराघरांत पोहोचला. या कारखान्यांची भट्टी घरापासून दूर, उंच छपराखाली होती. उष्ण हवा वर जाते आणि छपराच्या फटींतून बाहेर पडते, हे ज्ञान त्या बांधणीतच होते.

कंदिलाचे उदाहरण येथे फार उपयोगी आहे, कारण तो स्वतःच हवा खेळती ठेवणारी एक छोटी खोली आहे. ताजी हवा नळ्यांतून ज्योतीपाशी येते, तापलेली हवा वरच्या टोपीतून बाहेर जाते. वरची वाट बुजवली तर काच काजळते; खालची बुजवली तर ज्योत गुदमरते. बाहेर काढलेल्या हवेइतकीच हवा आत आली पाहिजे, हा वायुवीजनाचा पहिला नियम आपल्या आजीच्या पिढीने कंदिलाची काच पुसता पुसता जाणला होता.

कारखान्याने अग्नी घराबाहेर नेला. बांगडीच्या धंद्याने तो पुन्हा घरात आणला. शिरूरच्या बाजारात वा दौंडच्या कासाराच्या दुकानात मिळणाऱ्या काचेच्या बांगड्यांपैकी पुष्कळ उत्तर प्रदेशातील फिरोजाबादहून येतात. तेथे भट्टीचे काम कारखान्यात होते, पण बांगडीची दोन टोके सांधण्याचे काम, ज्याला तेथे 'जुडाई' म्हणतात, घरोघर चालत आले आहे. ते बव्हंशी बायकांनी आणि मुलांनी, रॉकेलच्या ज्योतीवर केले. ज्योत हलली तर सांधा बिघडतो, म्हणून दारे-खिडक्या लावून घ्यायच्या आणि पंखा बंद ठेवायचा. हातचे काम नीट व्हावे म्हणून श्वासाची हवा बंद करायची, हा या व्यवसायातला मूळ पेच. अनीस जंग यांनी फिरोजाबादच्या मुलांवर केलेले लेखन बारावीच्या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकामुळे आपल्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. त्यातील अंधाऱ्या खोल्यांकडे केवळ दारिद्र्याचे चित्र म्हणून पाहणे पुरेसे नाही. त्या खोल्यांचा अंधार हा अंशतः तंत्राचा भाग आहे.

खंभातच्या अकीक मण्यांचा इतिहास याहून कठोर आहे. तेथे ज्योत नाही, दगड घासण्याची धूळ आहे. पण काम घरात होते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या अभ्यासांत सिलिकोसिस हा फुप्फुसाचा असाध्य रोग मणी घासणाऱ्यांत तर आढळलाच, पण ते काम न करणाऱ्या शेजाऱ्यांतही आढळला. घर आणि कारखाना एक झाले की रोगाला कामगार आणि कुटुंबीय असा भेद उरत नाही.

कायद्याची नजर मात्र याच ठिकाणी थांबते. १९४८ च्या कारखाने अधिनियमात वायुवीजन, धूळ आणि धूर यांविषयी स्पष्ट कलमे होती. पण 'कारखाना' ठरण्यासाठी सामान्यतः विजेवर चालणाऱ्या जागी १० आणि विजेविना चालणाऱ्या जागी २० कामगार लागत. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने हे आकडे २० आणि ४० केले. एका खोलीत एका टेबलावर काम करणारा माणूस दोन्ही व्याख्यांच्या बाहेरच राहतो.

हा माणूस आता केवळ फिरोजाबादचा राहिलेला नाही. काचेच्या कांड्या, गॅस आणि ऑक्सिजनवर चालणारा छोटा टॉर्च, ऑक्सिजन पुरवण्यासाठी कॉन्सन्ट्रेटर, एवढ्या सामग्रीवर मणी, लोलक, छोट्या मूर्ती घरी करता येतात. कॉन्सन्ट्रेटर हे यंत्र २०२१ च्या साथीत आपण रोग्याच्या उशाशी पाहिले. तेच येथे ज्योतीला श्वास पुरवते. ही कला सुंदर आहे आणि तालुक्याच्या गावी राहून करण्याजोगी आहे. म्हणूनच तिचे धोके नेमके सांगायला हवेत.

पहिला धोका ज्योतीचाच. अतिउष्ण ज्योतीभोवतीच्या हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. त्यांपैकी नायट्रोजन डायऑक्साइड पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून तो नाका-घशात न अडकता फुप्फुसात खोलवर जातो. जास्त मात्रेत गेल्यास त्याचा घातक परिणाम काही तासांनी, कधी रात्री झोपेत, दिसू लागतो. दुसरा कार्बन मोनॉक्साइडचा. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या मृत्यूच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, त्या याच वायूच्या. तिसरा रामाझ्झिनीने ओळखलेला, रंगांचा: लाल, नारिंगी, पिवळ्या काचेतील कॅडमियम, काही काचेतील शिसे, चांदीची वाफ. चौथा धुळीचा: काचेची पूड, आणि तयार मणी सावकाश थंड करण्यासाठी वापरले जाणारे सिरॅमिक तंतूंचे आच्छादन.

उपाय कंदिलाच्याच तत्त्वावर उभा आहे. छताचा पंखा विषारी हवा फक्त ढवळतो. समोरच्या भिंतीवरच्या पंख्याला, धूर पाठीमागून येणाऱ्या ताज्या हवेसह चेहऱ्यापासून दूर ओढता आला तरच अर्थ आहे. पंखा कारागिराच्या पाठीशी असेल तर तो धूर नाकावरूनच नेईल. म्हणून टॉर्चच्या मागे आणि वर, तीन बाजूंनी बंद असा पत्र्याचा मनोरा हवा, त्याला घराबाहेर उघडणारी नळी हवी, आणि कारागिराच्या पाठीमागे उघडी खिडकी हवी. या व्यवसायातील प्रचलित ढोबळ हिशेब असा की मनोऱ्याच्या तोंडाशी हवेचा वेग मिनिटाला सुमारे १०० फूट असावा. तोंड ४ फूट रुंद आणि २ फूट उंच असेल, तर मिनिटाला ८०० घनफूट हवा बाहेर गेली पाहिजे, आणि तेवढीच आत आली पाहिजे. स्वयंपाकघरातला साधा पंखा या कामास पुरत नाही. हवा संथपणे, रुंद वाटेने आली तर ज्योतही फडफडत नाही. जुडाईच्या खोलीतला पेच असा सुटतो. कापडी वा साधा धुळीचा मुखपट्टा वायू अडवत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळाल्यास जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडर खोलीबाहेर आणि मोकळ्या हवेत असावा. ज्या खोलीत मूल झोपते तेथे टॉर्च लावूच नये.

ही यादी साहित्याच्या व्यासपीठावर कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर असे, की कारागिरीविषयी लिहिताना आपण दोनच भाषा वापरत आलो आहोत: एक गौरवाची, दुसरी करुणेची. गौरवाच्या भाषेत कारागीर परंपरेचा वारस असतो; करुणेच्या भाषेत तो बळी असतो. दोहोंत त्याची खोली नसते, तिची खिडकी कोणत्या बाजूला आहे याची चौकशी नसते. इनामगावच्या उत्खननाने निदान कारागिराचे घर कोठे होते ते नकाशावर दाखवले, आणि त्या एका नोंदीतून समाजरचनेविषयीची एवढी मोठी चर्चा उभी राहिली. आपल्या कथा-कादंबऱ्यांना आणि समीक्षेलाही ती शिस्त घेता येईल.

तीन हजार वर्षांपूर्वी घोडेच्या काठी मोठा अग्नी कडेला होता. आज तो घोडेच्या किंवा भीमेच्या काठच्या एखाद्या घरात, झोपायच्या खोलीशेजारी येऊ शकतो. वस्तीने धुरापासून स्वतःला वाचवले, शहराने आगीपासून. आता घरातल्या कारागिराला कोणी कडेला पाठवणार नाही, आणि कोणी वाचवायलाही येणार नाही. ते काम त्याला स्वतःच, पहिली कांडी ज्योतीत धरण्यापूर्वी, भिंतीला भोक पाडून करावे लागेल.