तपकिरी कागदाचा धडा

१७६१ साली ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ नावाच्या लढाऊ जहाजाच्या लाकडी तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. लाकूड पोखरणाऱ्या सागरी किड्यांपासून त्याचा बचाव व्हावा, हा त्यामागील हेतू. वेस्ट इंडीजच्या सफरीनंतर १७६३ मध्ये तळ तपासला, तेव्हा किड्यांचा उपद्रव नव्हता आणि तांबेही शाबूत होते. परंतु पत्रे धरून ठेवणारे लोखंडी खिळे पार झिजून गेले होते. काही थोडे खिळे मात्र धड राहिले होते. पत्रे गुंडाळून आणलेला तपकिरी कागद तेवढ्याच ठिकाणी चुकून तसाच राहिला होता. त्यामुळे तेथे लोखंड तांब्याला भिडलेच नव्हते. खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू एकमेकांना लागले, की त्यांतील एकाचा क्षय होतो. त्यामागील विद्युत्‌क्रियेचा उलगडा मात्र पुढल्या शतकात झाला.

लष्करी हेलिकॉप्टर म्हणजे भिन्न धातूंचा मेळावाच होय. ॲल्युमिनियमचा सांगाडा, पोलादी बोल्ट आणि, वजन वाचावे म्हणून, गिअरबॉक्सला पुष्कळदा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे कवच. मॅग्नेशियम हलके खरे. पण खाऱ्या हवेत ते लवकर खाल्ले जाते. आपल्या नौदलात १९७१ साली दाखल झालेली ‘सी किंग’ हेलिकॉप्टरे याच हवेत वावरली. म्हणून अशा यंत्रांच्या सांध्यांत लांबी भरतात, वर रंगाचे लेप देतात आणि समुद्रावरून परतताच त्यांना गोड्या पाण्याने धुतात. कागदाचे काम आता लांबी करते.

दुसरा शत्रू धातूचा शीण. एका दणक्याने न मोडणारे पोलाद लहान भार लक्षावधी वेळा सोसून मोडते, हे जर्मन अभियंता व्योलर यांनी एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखविले. हेलिकॉप्टरच्या पात्यावरील भार तर प्रत्येक फेऱ्यात कमीजास्त होतो, आणि गंजाने पडलेल्या बारीकशा खड्ड्यातूनही तडा सुरू होऊ शकतो. यावर सिकोर्स्कीच्या अभियंत्यांनी एक युक्ती योजिली. धातूच्या पात्याच्या पोकळ कण्यात त्यांनी दाबाखाली नायट्रोजन भरला. तडा गेला की वायू निसटतो, दाब उतरतो आणि मुळाशी बसविलेल्या दर्शकाचा रंग पालटतो. उड्डाणापूर्वी तो पाहावयाचा असतो.

तरीही अनेक सांधे असे आहेत, की जेथे कोणताच दर्शक बोलत नाही. तेथे झाकण उघडून, दिवा धरून पाहावे लागते, आणि मगच नोंदवहीत सही करावयाची. त्या सहीच्या भरवशावर माणसे समुद्रावर उडतात. ‘अलार्म’चे पत्रे शाबूत आहेत एवढे पाहून तपासणारे परतले असते, तर खिळ्यांची दशा कोणाला कळली असती?