चौकोनी कंसाचे कूळ

चाळीस विद्यार्थ्यांचे गुण एकाच वेबपानावर भरून घ्यायचे असतील, तर आजचा प्रोग्रामर चाळीस वेळा तीच ओळ लिहीत बसत नाही. लूप लावतो आणि मोकळा होतो. त्यामुळे या सोयीचे सगळे श्रेय लूपच्या पदरात पडते. वंशावळ पाहिली तर ते भलत्याच घरी गेलेले दिसते. झुरिकच्या ईटीएचमध्ये हाइन्झ रुटिसहाउझर याने लूपसाठी ‘फ्युर’ हा जर्मन शब्द १९५१ मध्येच वापरला होता. १९५७ मध्ये फोरट्रानचा ‘डू’ आला आणि १९५८ च्या अल्गोलमध्ये त्या ‘फ्युर’चा ‘फॉर’ झाला. मोझॅक ब्राउझरमध्ये भरता येणारे फॉर्म आले ते १९९३ मध्ये. म्हणजे जाते चाळीस वर्षांपूर्वीच टाकून झाले होते. अडले होते ते दळणावाचून.

ब्राउझर सर्व्हरकडे तक्ता पाठवत नाही. तो नाव आणि मूल्य यांच्या जोड्यांची एक लांबलचक माळ पाठवतो, आणि तीत एकच नाव कितीही वेळा येऊ शकते. ग्रीनलँडमध्ये जन्मलेल्या रास्मुस लेरडॉर्फ याने १९९५ मध्ये पीएचपी लोकांसमोर आणली. तिची मोहिनी अशी, की फॉर्ममधल्या प्रत्येक रकान्याच्या नावाचे व्हेरिएबल आयते तयार मिळे. पण ‘गुण’ नावाचे दोन रकाने आले, की दुसरा पहिल्याला पुसून टाकी. जिथे अनेक पर्याय निवडता येतात त्या यादीत तर हे रोजचेच. तोडगा निघाला तो चमत्कारिक: रकान्याच्या नावालाच रिकामे चौकोनी कंस जोडायचे, ‘गुण[]’ असे. हे कंस दिसले की पीएचपी मूल्ये एकामागे एक रचून अ‍ॅरे बांधते. पुढे मे २००० मध्ये पीएचपी ४ सोबत ‘फॉरईच’ आला आणि त्या अ‍ॅरेवरून फिरणे दोन ओळींचे काम झाले. पण अ‍ॅरे कंसांनी बांधला होता, फॉरईचने नव्हे.

यावर कुणी म्हणेल, की ‘गुण१’, ‘गुण२’ अशी नावे देऊनही लूप चालतोच. चालतो, पण एकूण किती रकाने आहेत हे वेगळे कळवावे लागते, आणि मधली ओळ काढली की क्रमात भोक पडते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पर्लच्या किंवा जावाच्या जगात कंसांशिवायच एका नावाची सगळी मूल्ये यादी म्हणून मागता येत होती. खरे आहे. पण त्या यादीत कोणते मूल्य कोणाचे, हे सांगणारे फक्त स्थान असते, आणि स्थान दगा देते. टिचकी न मारलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही. हजेरीपत्रकात दुसरा विद्यार्थी गैरहजर असला, की तिसऱ्याची खूण दुसऱ्याच्या नावावर चढते. रिकामे कंसही इथे तितकेच आंधळे. त्यांच्या पोटात मात्र किल्ली ठेवता येते. ‘हजर[१७]’ असे नाव दिले, की खूण सतराव्याचीच राहते, मग मधले कितीही गळोत. कंसांची खरी कमाई मला ही वाटते. लूपची सोय हा वरकड नफा.

ही युक्ती रुबीच्या रेल्सने उचलली आणि नोडच्या लायब्रऱ्यांनीही. एचटीएमएलच्या लेखी मात्र ते कंस म्हणजे नावातली दोन साधी अक्षरे. आणि सोय झाली, की लोक रकाने वाढवत जातात. डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत संशोधकांनी दाखवले, की मुद्दाम निवडलेल्या हजारो नावांचा एक फॉर्म पाठवून सर्व्हरची दमछाक करता येते. जानेवारी २०१२ च्या पीएचपी ५.३.९ मध्ये म्हणून ‘मॅक्स इनपुट व्हार्स’ ही मर्यादा आली. तिचे मूळ मूल्य १००० आहे. वर्डप्रेसमधला लांबलचक मेनू जतन केल्यावर त्याच्या शेवटच्या नोंदी गायब होतात, त्या बहुधा याच आकड्यापायी.