मधुमेह्याची दृष्टि

मधुमेहानें डोळे जातात ही गोष्ट आज सुशिक्षित घरांत सर्वांस ठाऊक आहे. परंतु वैद्यकशास्त्राला ती फार उशिरां कळली. जिवंत माणसाच्या डोळ्यांत डोकावण्याचें साधनच १८५१ पूर्वीं वैद्यांच्या हातीं नव्हतें. त्या वर्षीं हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें आपल्या नेत्रदर्शक यंत्राची माहिती प्रसिद्ध केली, आणि बाहुलीच्या काळ्या छिद्रापलीकडे काय आहे तें दिसूं लागलें. पुढें चारपांच वर्षांतच व्हिएन्ना येथील येगर यानें एका मधुमेह्याच्या दृष्टिपटलावर पिवळसर ठिपके व रक्तस्रावाच्या खुणा पाहिल्या. हा मधुमेहाचाच परिणाम, असें मानावयास ग्रेफसारखा थोर नेत्रवैद्य तयार झाला नाहीं. वाद पुष्कळ वर्षें चालला. त्यांत नवल नाहीं; तीव्र मधुमेहाचा तरुण रोगी त्या काळीं डोळे बिघडण्याइतका जगतच नसे.

१९२१ सालीं टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्शुलिन शोधून काढलें, आणि १९२२ च्या जानेवारींत तें प्रथम एका चौदा वर्षांच्या मुलाला टोचण्यांत आलें. मरणाच्या दारांतून हजारों माणसें परत आलीं. वीसवीस, तीसतीस वर्षें तीं जगलीं, आणि मग त्यांपैकीं अनेकांना दिसेनासें होऊं लागलें. दोष औषधाचा नव्हता. त्यानें आयुष्य दिलें, आणि रक्तांतील साखर त्या आयुष्यभर बारीक रक्तवाहिन्यांना पोखरीत राहिली.

उपायाची कथा चमत्कारिक आहे. १९४५ च्या जुलईंत सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनीं पाहिल्यामुळें दृष्टिपटल भाजलेले रोगी मायर-श्विकेराथ या जर्मन डॉक्टरानें तपासले. सूर्य दृष्टिपटल जाळूं शकतो, तर हाच दाह हेतुपूर्वक व मोजून केला तर? त्यानें रुग्णालयाच्या छपरावरून सूर्यकिरण आरशांनीं आंत आणले आणि ते रोग्याच्या डोळ्यांत सोडून उपचार केले. ढग आले कीं उपचार बंद! पुढें सूर्याची जागा झेनॉनच्या दिव्यानें व नंतर लेसरनें घेतली. अमेरिकेंत सतराशेंहून अधिक रोग्यांचा एक डोळा या पद्धतीनें उपचारून दुसरा तसाच ठेवण्यांत आला. १९७६ मध्यें दिसून आलें कीं, उपचारानें दृष्टीची गंभीर हानि निम्म्याहून अधिक टळते.

मात्र यांत एक अट आहे. हा उपचार मुख्यतः आहे ती दृष्टि राखतो. गेलेली फारशी परत आणीत नाहीं. आणि रोगाच्या आरंभीं रोग्याला काडीचाही त्रास होत नाहीं. वर्तमानपत्र वाचतां येतें, सुईंत दोरा ओवतां येतो. अंधुक दिसूं लागल्यावर जो नेत्रवैद्याकडे येतो तो बहुधा उशिरां येतो. म्हणून दिसत असतांनाच डोळे तपासले पाहिजेत. पण ज्याला नीट दिसतें, त्याला हें पटवावयाचें कोणीं?

१९८९ सालीं इटलींतील सेंट व्हिन्सेंट येथें जमलेल्या युरोपीय प्रतिनिधींनीं मधुमेहजन्य अंधत्व पांच वर्षांत एकतृतीयांशानें घटविण्याचा संकल्प सोडला. इंग्लंडनें त्यासाठीं कुटुंबाच्या डॉक्टराचा आधार घेतला. प्रत्येक मधुमेह्याचें नांव त्याच्याच वहींत असतें. १९९८ मध्यें ग्लॉस्टरशायर परगण्यांत कॅमेरा घेतलेल्या गाड्या या डॉक्टरांच्या दवाखान्यांपर्यंत जाऊं लागल्या, आणि २००३ पासून पांचेक वर्षांत ती व्यवस्था देशभर उभी राहिली. बारा वर्षांवरील प्रत्येक मधुमेह्याला पत्र जातें. डोळ्यांत औषध घालून बाहुली मोठी करतात व दृष्टिपटलाचें छायाचित्र घेतात. २००४ पासून डॉक्टरांच्या मोबदल्याच्या हिशोबांतही या तपासणीची नोंद धरली जाऊं लागली. डॉक्टरांना हें कितपत रुचलें असेल कोण जाणे. पण वहींतील नांवें त्यामुळें तपासून पाहिलीं गेलीं.

तरी पत्र मिळूनही कित्येक येत नाहींत. त्यांत तरुणांचें प्रमाण अधिक. औषधानें कांहीं तास धूसर दिसतें, गाडी चालवितां येत नाहीं. कामावरून रजा घ्यावी लागते. चष्मेवाल्याकडे डोळे दाखविले म्हणजे झालें, असा कित्येकांचा समज असतो. कांहींना भीति वाटते, तर कांहींना साखर न सांभाळल्याबद्दल बोलणीं बसतील अशी लाज. छापील पत्राला या लाजेचें उत्तर देतां येत नाहीं. तें वर्षानुवर्षें ओळखणारा डॉक्टर किंवा परिचारिका देऊं शकते, आणि त्यांनीं दोन शब्द बोलून दिवस ठरवून दिला तर न येणारा पुष्कळदां येतो.

२०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, इंग्लंड व वेल्समधील कामकरी वयाच्या लोकांच्या अंधत्वाचें पहिलें कारण आतां मधुमेह राहिलेलें नाहीं, असें आढळलें; निदान पांच दशकांत असें प्रथमच घडलें होतें. अभ्यासकांनीं याचें श्रेय, निश्चयानें नव्हे पण सावधपणें, या तपासणीस व साखरेच्या सुधारलेल्या नियंत्रणास दिलें. २०२३ पासून तर लागोपाठ दोन तपासण्यांत ज्यांचें दृष्टिपटल निर्दोष आढळलें, त्यांना तेथें दोन वर्षांनीं बोलावतात. ही सवलत अर्थातच आलेल्यांसाठीं आहे. न आलेल्यांचीं नांवें डॉक्टराच्या वहींत तशींच राहतात.