डच डुकाट आणि पुतळ्यांची माळ

वऱ्हाडात, राजापेठेतील लग्नकार्यात एखाद्या वृद्ध स्त्रीच्या गळ्यात आजही जी पुतळ्यांची माळ दिसते, तिचे मूळ व्हेनिसच्या सुवर्णनाण्यात असले, तरी त्याच वजनाचे आणि जवळजवळ त्याच कसाचे दुसरे एक परदेशी नाणे, डच डुकाट, आपल्या मुलखाच्या इतिहासात अकारण उपेक्षित राहिले आहे.

स्पेनच्या सत्तेविरुद्ध नेदरलँड्सच्या उत्तरेकडील सात प्रांतांचा संग्राम ऐन भरात असता, १५८६ साली, हंगेरीच्या नाण्याचे प्रमाण स्वीकारून हे डुकाट पाडण्यात आले. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, शुद्धता हजारांत ९८३ भाग. एका अंगास चिलखतधारी योद्धा, त्याच्या एका हाती खड्ग आणि दुसऱ्या हाती बाणांची जुडी, म्हणजे त्या प्रांतांच्या ऐक्याचे चिन्ह. दुसऱ्या अंगास चौकोनी चौकटीत कोरलेला लॅटिन लेख.

१६०२ साली स्थापन झालेल्या डच कंपनीपाशी हिंदुस्थानात खपेल असा माल थोडा, आणि गुजरातचे कापड, नीळ, मलबारचे मिरे यांची तिला हाव मोठी. म्हणून सोने-रुपे ओतल्यावाचून तिला गत्यंतर नव्हते. सुरतेस तिची वखार होतीच; १६३७ साली आदिलशाही मुलखात वेंगुर्ल्यासही ती उभी राहिली, आणि गोव्याच्या पोर्तुगिजांची समुद्रात कोंडी करणाऱ्या डच आरमारास तिचा मोठा आधार झाला.

मग त्या सोन्याबरोबर आलेले हे डुकाट आपल्याकडे इतके दुर्मिळ का? कारण मोगली अमलात परकी नाणे हे चलन नव्हे, केवळ धातू होय; सराफाने कस पाहून बट्टा कापावा, टांकसाळीत ते वितळावे आणि बादशाही शिक्क्याची मोहर होऊन बाहेर पडावे, हा रिवाज होता. वऱ्हाड १५९६ साली मोगलांकडे गेले आणि एलिचपुरासही टांकसाळ चालली. तेव्हा येथवर जे परदेशी सोने पोहोचले असेल, ते बहुधा आपला मूळ चेहरा गमावूनच. मुशीतून वाचण्याची खरी वाट एकच होती, ती म्हणजे अलंकाराची. सोनाराने नाण्याच्या माथ्यावर डाख देऊन कडी बसविली की ते बाजारातून निघून स्त्रीधनात जमा होई, आणि पिढ्यानुपिढ्या त्यास कोणी हात लावीत नसे.

आजचे संग्राहक त्या डाखाच्या खुणेस दोष मानून किंमत उतरवितात. मला हा न्याय मान्य नाही. निष्कलंक डुकाट युरोपातील संग्रहांत पुष्कळ आहेत, परंतु ते नाणे हिंदुस्थानात कोणाच्या तरी गळ्यात वागले, याचा दाखला त्या डाखाखेरीज दुसरा कोणता?