ढगांच्या मागावर सरकारी विमाने

पाऊस मनुष्याच्या हाती नाही, ही कुणब्याची समजूत फार जुनी. आणि बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेल्या धाराशिव जिल्ह्याला ती पिढ्यान्‌पिढ्या खरी वाटत आली, यात नवल नाही. अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर आपला बहुतेक भार उतरवितात आणि पूर्वेकडे जवळजवळ रित्या हाताने येतात. परांडा, भूम, तुळजापूर या तालुक्यांवरून काळे ढग पुष्कळदा न बरसताच निघून जातात. १९८२ पर्यंत याच जिल्ह्यात असलेल्या लातूरला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. अशा मुलखात सरकारने ढगांच्या मागावर विमाने धाडली, त्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

या विद्येचा प्रारंभ अमेरिकेत झाला. १३ नोव्हेंबर १९४६ रोजी व्हिन्सेंट शेफर याने विमानातून एका ढगावर कोरड्या बर्फाचा चुरा टाकला आणि ढगातून हिम झरू लागले. आपल्याकडील पावसाळी ढगांपैकी पुष्कळ उष्ण असतात. त्यांतील जलकण गोठलेले नसतात आणि सूक्ष्म असल्यामुळे खाली न पडता तरंगत राहतात. मिठासारखा ओलावा शोषणारा पदार्थ त्यांत सोडला, तर काही कण मोठे होतात व लहानांना आपल्यात सामावून घेत थेंबरूपाने खाली येतात.

पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने १९७३ ते १९८६ या काळातील अकरा पावसाळ्यांत बारामतीच्या बाजूस हा प्रयोग विमानाने केला. क्षेत्राचे तीन पट्टे पाडले. मधला मोकळा ठेवला आणि कडेच्या दोहोंपैकी कोणत्या पट्ट्यावर मीठ सोडावयाचे, ते निव्वळ योगायोगावर सोपविले. पावसात सुमारे २४ टक्के वाढ आढळली.

पुढे दुष्काळ पडला की विमान मागविण्याचा प्रघात पडला. महाराष्ट्र शासनाने २००३, २०१५ आणि २०१९ साली अशी उड्डाणे करविली. लोकांस त्यामुळे धीर येई, हे खरे. परंतु जी सर आली ती विमानावाचून आली नसती कशावरून, या प्रश्नाचे उत्तर केवळ फवारणीने मिळणे शक्य नव्हते. त्यासाठी काही ढग मुद्दाम मोकळे सोडावे लागतात.

ते उत्तर शोधण्याकरिता केंद्र सरकारच्या त्याच पुणेकर संस्थेने २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत धाराशिवच्या शेजारी सोलापूरास ठाणे दिले. एक विमान फवारणीचे, दुसरे मोजणीचे. जोडीस रडार आणि पर्जन्यमापके. निवडलेल्या २७६ ढगांपैकी १५० ढगांत कॅल्शियम क्लोराइडचा धूर सोडण्यात आला आणि शंभराहून अधिक ढग नुसते मोजून सोडून देण्यात आले. जेथे एकेका सरीसाठी डोळे आकाशाकडे लागलेले असतात, तेथे हाती आलेला ढग तसाच जाऊ द्यावयाचा, हे वरवर पाहता निर्दयपणाचे वाटेल. परंतु त्या सोडलेल्या ढगांवाचून फवारलेल्या ढगांची साक्ष कोणत्याही न्यायासनापुढे टिकली नसती.

२०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वाऱ्याच्या दिशेस सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्के अधिक पाऊस पडला होता. मात्र प्रत्येक ढग फवारणीस योग्य नसतो, असेही दिसून आले. मिळालेल्या पाण्याचा खर्च लिटरला सुमारे १८ पैसे आला. हा दर पिण्याच्या पाण्यास स्वस्त वाटेल. पण एक हेक्टर रानावर एक सेंटिमीटर पाऊस म्हणजे एक लाख लिटर पाणी, आणि त्या हिशेबाने त्याची किंमत अठरा हजार रुपये होते.

मुळात ढगच नसेल तर विमानाचा उपयोग नाही, आणि कोरड्या वर्षी नेमकी ढगांचीच वाण असते. म्हणून धाराशिवच्या शेतकऱ्याने आपली विहीर, बांध आणि तळे यांवरील भिस्त विमानाकडे वळवावी, असे या प्रयोगांवरून म्हणता येत नाही. ढगाकडून किती मागता येईल आणि किती नाही, याचा मोजलेला हिशेब मात्र या विमानांनी त्याच्या हाती दिला आहे.