अहिल्यादेवींचा पुत्रशोक व त्यांचा दानधर्म

आपल्या धनगर समाजात असे घर विरळाच, की ज्याच्या भिंतीवर हाती शिवपिंडी धरलेली, शुभ्रवस्त्रा अहिल्यादेवींची तसबीर नाही. चौंडी हे त्यांचे जन्मग्राम आपल्याच जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात आहे. इ. स. २०२४ मध्ये आपल्या नगर शहरास व जिल्ह्यास त्यांचे नाव मिळाले आणि २०२५ मध्ये त्यांच्या जन्मास तीनशे वर्षे पूर्ण झाली. दर वर्षी ३१ मे रोजी आपण त्यांची जयंती साजरी करतो. काशीचे मंदिर, गयेचे मंदिर, महेश्वरचे घाट अशी त्यांच्या पुण्यकृत्यांची नामावळी सांगतो आणि घरी परततो. परंतु या पुण्यश्लोक राणीच्या अंतरी एक पोळलेली माता होती, हे आपण क्वचितच ध्यानी घेतो. त्या मातेविषयी चार शब्द लिहावे, असे बहुत दिवस मनात होते. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी यंदाच्या स्मरणिकेसाठी लेखाचा आग्रह केला, तेव्हा हाच विषय आम्ही निवडिला.

प्रथम कालक्रम पाहू. देवींचा जन्म इ. स. १७२५ चा. चौंडीचे पाटील माणकोजी शिंदे यांची ही कन्या इ. स. १७३३ मध्ये सुभेदार मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांस दिली गेली. त्यांस दोन अपत्ये झाली : पुत्र मालेराव व कन्या मुक्ताबाई. इ. स. १७५४ मध्ये सूरजमल जाटाच्या कुंभेरी किल्ल्यास मराठ्यांचा वेढा पडला असता तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. देवी सती जावयास निघाल्या. तेव्हा पुत्रशोकाने विव्हळ झालेल्या मल्हाररावांनी, आपल्या वृद्धापकाळी आता तूच आधार आहेस, अशी काकुळतीने विनवणी करून त्यांस परत फिरविले. पुढे बारा वर्षांनी, इ. स. १७६६ च्या मे महिन्यात, आलमपूर येथे मल्हाररावही निवर्तले. सुभेदारीची वस्त्रे नातू मालेराव यांस मिळाली. परंतु वर्षही पुरे झाले नाही तोच, इ. स. १७६७ च्या वसंतात, मालेराव ऐन बाविशीत मरण पावले. पती, श्वशुर व पुत्र या तिघांस तेरा वर्षांत निरोप देऊन देवींनी राज्याची धुरा खांद्यावर घेतली.

मालेरावांविषयी एक कथा आपल्याकडील बहुतेक व्याख्यानांत सांगितली जाते. त्यांच्या रथाखाली एक वासरू सापडून मेले. गाईचा आक्रोश ऐकून देवींनी पुत्रास तीच शिक्षा फर्माविली आणि स्वतः रथ हाकीत त्याच्या अंगावर नेला. तेव्हा तीच गाय तीन वेळा आडवी आली आणि पुत्राचा प्राण वाचला. इंदूरच्या आडा बाजारास यावरूनच नाव पडले, अशी ती कथा होय. ऐकणाऱ्यांच्या अंगावर रोमांच उभे राहतात हे खरे. तथापि हीच कथा, गाय, वासरू, रथ व राजपुत्र यांसह, दूर दक्षिणेत तिरुवारूर येथे मनुनीती चोळ राजाविषयी शेकडो वर्षांपासून सांगितली जाते. न्यायी राजाचे वर्णन करावयाचे म्हणजे लोकमानस असा अलंकार त्याच्या अंगावर चढविते. तो अलंकार म्हणून मानावा; इतिहास म्हणून मानू नये. कारण तो इतिहास म्हणून मानिल्याने देवींची थोरवी वाढते असे आपणांस वाटते, परंतु प्रत्यक्षात त्यांच्या मातृहृदयाचा अपलाप होतो.

हा अपलाप एके काळी फार भयंकर रूप धारण करून हिंडत होता. बिघडलेल्या पुत्रास देवींनीच मारविले, अशी वदंता काही युरोपियनांत पसरली होती. तिचा छडा लाविला तो सर जॉन मालकम याने. हा गृहस्थ होळकरांचा मित्र नव्हे. इ. स. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरच्या रणात होळकरांच्या फौजेशी लढलेल्या इंग्रज सेनानींपैकी तो एक होता. पुढे माळव्याचा कारभार त्याच्याकडे आला, तेव्हा देवींस ज्यांनी डोळ्यांनी पाहिले होते अशा वृद्धांस विचारून त्याने माहिती मिळविली आणि इ. स. १८२३ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यात त्याने ही वदंता निखालस खोटी ठरविली आहे. शत्रुपक्षाच्या माणसाने दिलेला हा निर्वाळा आपण अधिक मोलाचा मानिला पाहिजे.

मालकमने जे ऐकिले ते असे : मालेराव बुद्धीने अस्थिर होते. ब्राह्मणांस दान द्यावयाच्या वस्त्रांत व पादत्राणांत विंचू ठेवण्यासारख्या क्रूर खोड्या ते करीत आणि धर्मशील मातेस त्याचा अतोनात खेद होई. एकदा संशयाच्या भरात त्यांनी कशिदा काढणाऱ्या एका कारागिरास ठार केले. तो निरपराध होता असे मागाहून कळले. त्या पश्चात्तापाने त्यांस भ्रम झाला. मृताचे पिशाच त्यांच्या अंगी शिरले आहे, असे लोक मानू लागले. आज आपण त्यास मनाचा आजार म्हणू आणि वैद्याकडे धाव घेऊ. त्या काळी असा उपाय कोणाच्या हाती नव्हता. देवी अहोरात्र मुलाच्या शय्येपाशी बसून राहिल्या. अश्रू ढाळीत त्या पिशाचाची प्रार्थना करीत होत्या, की माझ्या लेकराला सोड. तुझ्या नावाने मंदिर बांधिते, तुझ्या कुटुंबास जमीन तोडून देते. परंतु मुलाच्याच मुखातून उत्तर आले, की याने मला निरपराध मारिले, मी याचा प्राण घेणारच. आणि मालेराव गेले.

वाचकहो, या प्रसंगावर क्षणभर थांबावे अशी आमची विनंती आहे. देवींच्या चरित्रात मंदिर बांधण्याचा जो अत्यंत कळवळ्याचा संकल्प आढळतो, तो असा पुत्राच्या प्राणासाठी केलेला आहे. ती एक देवघेव होती : मंदिर घे, मूल दे. कोणती माता तो सौदा करणार नाही? आपल्या घरातील स्त्रिया आजारी मुलाच्या उशाशी बसून खंडोबास, बिरोबास नवस बोलतात, तो याच जातीचा. परंतु देवींचा नवस स्वीकारला गेला नाही. यानंतर एखादी दुसरी स्त्री देवाधर्माकडे पाठ फिरविती, तर तिला कोणी दोष दिला नसता. देवींनी तसे केले नाही. त्यांनी दान चालूच ठेविले. त्यातील मागणे मात्र गेले. देण्याजोगे जे होते ते त्या देत राहिल्या आणि मागण्याजोगे काहीच उरले नव्हते.

दुःख झाले म्हणूनच दानधर्म सुरू झाला, असे म्हणणे धाडसाचे होईल. धर्मश्रद्धा त्यांच्या ठायी मूळचीच होती. राजकुलाने तीर्थक्षेत्रांचा परामर्ष घ्यावा ही रीतही जुनी होती. शिवाय साधनही हाताशी होते. पेशव्यांनी इ. स. १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांस खासगीचे उत्पन्न स्वतंत्र लावून दिले होते. दौलतीचा खजिना निराळा व खासगी निराळी. ही खासगी पुढे देवींकडे आली. राघोबादादांनी होळकरांच्या द्रव्यावर दृष्टी ठेविली, तेव्हा देवींनी त्या द्रव्यावर तुळशीपत्रासह पाणी सोडून ते धर्मास वाहिले, असे सांगतात. काशी विश्वेश्वराचे मंदिर इ. स. १७८० च्या सुमारास उभे राहिले. गयेस विष्णुपदाचे, सोमनाथास भग्न मंदिरानजीक नवे शिवालय, काशीस मणिकर्णिका घाट, वेरुळास तीर्थाचे बांधकाम, ही कामे सर्वश्रुत आहेत.

परंतु मातेचे हृदय पाहावयाचे असेल तर मंदिरांच्या नामावळीपेक्षा त्यांच्या लहानसहान दानांकडे पाहावे. उन्हाळ्यात वाटसरूंस पाणी पाजण्यासाठी रस्तोरस्ती त्यांची माणसे उभी असत. थंडीच्या प्रारंभी आश्रितांस व अपंगांस उबेची वस्त्रे वाटली जात. गोरगरिबांस रोज अन्न मिळे. महेश्वरच्या आसपास शेतकरी भर उन्हात नांगर धरून असता देवींचा सेवक येऊन त्याचे औत थांबवी व बैलांस पाणी पाजी. शेतकरी पिकावरील पाखरे हाकलतात, तेव्हा त्या जीवांनी जावे कोठे, म्हणून देवींनी उभ्या पिकाची शेते विकत घेऊन पाखरांसाठी राखिली होती. हे सर्व मालकमने नमूद करून ठेविले आहे. ज्या बैलास कोणी पाणी पाजिले हे कळत नाही आणि जे पाखरू दुवा देत नाही, त्यांस दिलेले हे दान होय. पुत्राच्या शय्येपाशी केलेल्या सौद्याहून ते किती निराळे!

इतके पुण्य केल्यावर तरी देवीस सुख लाभले असेल, असे कोणास वाटेल. तसे झाले नाही. मुक्ताबाईंचा एकुलता एक पुत्र नथ्याबा महेश्वरी वारला. त्यानंतर सुमारे वर्षभराने, इ. स. १७९१ मध्ये, जामात यशवंतराव फणसेही गेले आणि मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. मातेने विनविले, शेवटी कन्येच्या पायांवर लोळण घेतली. मुक्ताबाई म्हणाल्या, की आई, तू वृद्ध आहेस, थोड्या वर्षांनी तूही जाशील. माझा मुलगा गेला, पती गेला, मग मी कोणाच्या आधाराने जगू? सदतीस वर्षांपूर्वी मल्हाररावांनी सुनेस जे सांगून वाचविले, तेच सांगून देवींस कन्येस वाचविता आले नाही. त्या स्वतः चितेपर्यंत चालत गेल्या. दोन ब्राह्मणांनी त्यांचे हात धरून ठेविले होते. ज्वाळा उठल्या तेव्हा त्यांचे धैर्य सुटले; सोडवून घेता न आलेले आपलेच हात त्या दातांनी चावू लागल्या. नंतर नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात परतल्या आणि तीन दिवस फारसे अन्न न घेता, एक शब्द न बोलता बसून राहिल्या. सती जाण्याच्या त्या दुष्ट रूढीस कंपनी सरकारच्या मुलखात कायद्याने बंदी झाली ती इ. स. १८२९ मध्ये, तोवर अशा किती माता जळत्या चितेपाशी उभ्या राहिल्या असतील, याची गणती कोणी ठेविली नाही.

मालकम पुढे लिहितो, की शोकाचा पहिला आवेग ओसरल्यावर गेलेल्यांच्या स्मरणार्थ एक सुंदर वास्तू उभारण्यात देवींस काही समाधान लाभले. आधी तीन दिवसांचे मौन आणि मग दगडावर दगड, हा क्रम आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. त्यानंतर चार वर्षांनी, १३ ऑगस्ट १७९५ रोजी, सत्तराव्या वर्षी देवींनी महेश्वरी देह ठेविला. पाणपोया तोवर चालू होत्या.

आता हे सर्व आम्ही का लिहिले ते सांगतो. आम्ही उभे आयुष्य प्राथमिक शिक्षकाच्या पेशात घालविले. हजेरीपटावरील एखाद्या मुलाच्या नावावर तांबडी रेघ ओढण्याचा प्रसंग शिक्षकावर येतो, तेव्हा त्याचा हात जड होतो. एके वर्षी तो प्रसंग आमच्या घरी आला. आमची कन्या दहाव्या वर्षी तापाने गेली. आप्तेष्ट आले आणि त्यांनी तिसऱ्याच दिवशी सांगितले, की तिच्या नावाने काहीतरी करा म्हणजे दुःख हलके होईल. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला होता. परंतु त्या शब्दांनी आम्ही अधिकच घायाळ झालो. पुढल्या चैत्रात तिच्या आईने, कोणास न सांगता, शाळेच्या दाराशी पाण्याचे दोन रांजण मांडिले. पहिले वर्ष आम्ही त्या बाजूस फिरकलोही नाही. दुसऱ्या वर्षी रांजण धुण्याचे काम आमच्याकडे आले व ते पुढे आमच्याकडेच राहिले. दुःख हलके झाले काय, असे कोणी विचारील तर नाही, हेच उत्तर आहे. मात्र मधल्या सुटीत मुले धावत येत, ओंजळीने पाणी पीत, एकमेकांच्या अंगावर उडवीत, आणि त्या गलबल्यात उभे राहणे आम्हांस हळूहळू शक्य झाले. एवढेच झाले, आणि एवढे पुष्कळ होते.

म्हणून आपल्या समाजबांधवांस व भगिनींस तीन गोष्टी विनवितो. ज्या घरी मूल गेले असेल त्या घरी पहिले काही दिवस उपदेश करू नये. प्रत्यक्ष अहिल्यादेवींनाही तीन दिवस मौन लागले, तेथे आपली काय कथा? त्या घराने पुढे आपणहून काही करावयाचे मनात आणिले, तर समाजाने ते लहान मानू नये. एका विद्यार्थ्याची वर्षाची पुस्तके, उन्हाळ्यातील एक पाणपोई, थंडीत दोन घोंगड्या, हे दान मंडळाच्या फलकावरील मोठ्या आकड्याइतकेच आदरणीय आहे. आणि मुलगा गेला काय, मुलगी गेली काय, तिच्या नावानेही तितक्याच ममतेने दान व्हावे.

तसबिरीतील देवींच्या हाती शिवपिंडी आहे. त्याच हातांनी एकदा आजारी मुलाचे अंग चेपिले होते आणि तेच हात चितेपाशी दोघांनी धरून ठेविले होते, हे स्मरून यापुढे तसबिरीस फूल वाहावे, इतकीच प्रार्थना करून आम्ही वाचकांची रजा घेतो.