कोळशाच्या बंदरातला ताप

२०२० सालच्या जूनमधली गोष्ट. आपण सगळे घरात बसून डाळ-भाताचे फोटो एकमेकांना पाठवत होतो, लॅपटॉप डायनिंग टेबलावर, कॉलमध्ये कुणाच्या तरी कुकरची शिट्टी... आठवतंय ना? त्या दिवसांत माझा एक शाळेतला मित्र एका टँकरवर सेकंड इंजिनीयर होता. सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, आणि अकरावा महिना चालू. घरी यायला बंदरात उतरू देत नव्हते. त्यात जहाजावरच्या तीन जनरेटरपैकी एकाच्या टर्बोचार्जरचं बेअरिंग गेलेलं. पार्ट सिंगापूरच्या गोदामात पडून, आणि तो बसवून देणारा माणूस जहाजावर चढायला परवानगी नाही, कारण करोना.

मी आपलं समजूत घालायला म्हटलं, "अरे, शंभर वर्षांपूर्वी साथ आली तेव्हा तर अजून वाईट असेल." तो म्हणाला, "तेव्हा वाफेचं इंजिन होतं रे. त्याला पार्ट लागत नाहीत फारसे. त्याला माणसं लागतात."

हे वाक्य डोक्यात राहिलं. मग पुढचे कित्येक वीकेंड मी १९१८ च्या साथीतल्या आगबोटींबद्दल मिळेल ते वाचत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय. लांबलचक झालंय, चहा घेऊन बसा.

आधी 'आगबोट' हा शब्दच बघा. इंग्रजाने वाफेवरून नाव ठेवलं, आपण आगीवरून. आणि आपलंच जास्त बरोबर आहे असं मला वाटतं, कारण वाफ तयार होते आपोआप, आग मात्र कुणीतरी पेटती ठेवावी लागते. जहाजाच्या पोटात कोळशाची कोठारं. तिथून कोळसा ढकलगाडीतून भट्टीपर्यंत आणणारे कोळसेवाले. भट्टीत फावड्याने तो नीट पसरून टाकणारे, राख आणि वितळून घट्ट झालेला मळ लोखंडी सळईने ओढून काढणारे आगवाले. इंजिनाच्या सांध्यांना तेल देणारे तेलवाले. आगवाला, कोळसेवाला, तेलवाला, सारंग, तांडेल, भंडारी - हे आपल्याकडचे शब्द ब्रिटिश कंपन्यांच्या पगारपत्रकांवर जसेच्या तसे असायचे. पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर साधारण वाटणी अशी होती: डेकवर रत्नागिरी आणि गुजरात किनाऱ्याचे खलाशी, खाली भट्टीपाशी पंजाबी आणि पठाण, आणि वर सलूनमध्ये वाढपी म्हणून गोवेकर. चार तास पाळी, आठ तास सुट्टी, पुन्हा चार तास. असं चोवीस तास, बंदर येईपर्यंत. एकेक माणूस दिवसाला काही टन कोळसा हलवायचा.

म्हणजे आमच्या भाषेत सांगायचं तर हे हार्डवेअर नव्हतंच. ती माणसांची एक लांबच लांब साखळी होती आणि तिला इंजिन म्हणायची पद्धत होती :-) पाळी चुकली की वाफेचा दाब उतरणार, दाब उतरला की वेग उतरणार. आणि १९१८ साली, जर्मन पाणबुड्या फिरत असताना, ताफ्यातल्या बोटीने मागे पडणं म्हणजे काय ते सांगायला नको.

दुसरी गोष्ट म्हणजे कोळसा संपतो. त्यामुळे जगभर ठरावीक अंतरावर कोळसा भरायची बंदरं होती. एडन, कोलंबो, केप टाऊन, डाकार. यांना वगळून पुढे जायची सोयच नव्हती. आपण सिस्टिम डिझाईन करताना ज्याची भीती बाळगतो, की सगळं ट्रॅफिक एकाच जागेतून जायला नको, तसं त्या काळी सगळं ट्रॅफिक अशा मोजक्या जागांमधूनच जायचं. महायुद्धात भूमध्य समुद्र धोक्याचा झाला, तसे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे बरेच सैनिक आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले. त्या वाटेवरचं महत्त्वाचं ठाणं होतं पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमधलं फ्रीटाऊन.

१५ ऑगस्ट १९१८ ला फ्रीटाऊनला एचएमएस मांटुआ नावाचं जहाज आलं. (मूळची पी अँड ओ चीच प्रवासी बोट. युद्धात तिच्यावर तोफा बसवल्या होत्या.) जहाजावर सुमारे २०० जण फ्लूने आजारी किंवा नुकतेच उठलेले. तरीही तिला कोळसा हवा होता, म्हणून बंदरातले मजूर नेहमीप्रमाणे तिच्यावर चढले. कोळसा भरणं म्हणजे काय प्रकार असायचा ते डोळ्यांपुढे आणा. खाली पडावातून पोती भरायची, वर ओढायची, कोठारात रिकामी करायची. सगळ्या जहाजावर काळी धूळ, नाकातोंडात काळी धूळ, आणि शेकडो माणसं एकमेकांना चिकटून, घामाघूम. विषाणूला याहून चांगली सोय कोण करून देणार? अर्थात विषाणू हा प्रकार तेव्हा कुणाला माहीतच नव्हता. माणसाच्या फ्लूचा विषाणू सापडला १९३३ साली. १९१८ चे डॉक्टर एका भलत्याच जंतूच्या मागे होते.

बारा दिवसांनी, २७ ऑगस्टला, फ्रीटाऊनच्या कोळसा कंपनीच्या ६०० मजुरांपैकी ५०० जण कामावर आलेच नाहीत.

हा आकडा मी दोनदा वाचला. बंदर उभं आहे, धक्का आहे, कोळशाचे ढीग आहेत, बोटी रांगेत आहेत, आणि हलवायला माणूस नाही. मग बोटींनी काय करावं? एचएमएस आफ्रिका ही युद्धनौका तिथे होती. तिच्या खलाशांनी स्वतः हात लावून कोळसा भरला, उरलेल्या मजुरांच्या बरोबरीने. पुढच्या काही आठवड्यांत तिच्यावरच्या ७७९ माणसांपैकी सहाशेहून अधिक आजारी पडले आणि ५१ मेले. शहरात आणि आसपास हजाराहून जास्त माणसं गेली. मांटुआने ताप आणला हे खरं, पण मला नेहमी वाटतं की रोजचं काम थांबवायची कुणाचीच हिंमत नव्हती हेही तितकंच खरं. 'आज कोळसा नाही' असं म्हणू शकणारी व्यक्ती त्या सगळ्या व्यवस्थेत नव्हतीच.

याच दिवसांत ब्राझीलचा एक छोटा ताफा फ्रीटाऊनला होता. दोन क्रूझर, चार विनाशिका, एक साहाय्यक जहाज आणि एक टग. ब्राझीलने युद्धात उडी घेतली होती आणि हे सगळे जिब्राल्टरकडे निघालेले. ९ ऑगस्टला फ्रीटाऊनला पोचले, दोन आठवडे राहिले, कोळसा-पाणी केलं आणि डाकारला गेले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात डाकारला ताफ्यावर ताप उसळला. दीडशेहून अधिक माणसं मेली, शत्रूची एक गोळी न लागता. बोटी चालवायला माणसं पुरेनात, ब्राझीलहून बदली माणसं मागवावी लागली. ताफा डाकारहून निघाला थेट ३ नोव्हेंबरला, वाटेत पाणबुडी समजून माशांवर, म्हणजे शिंशुकांवर, तोफा डागल्या, आणि १० नोव्हेंबरला जिब्राल्टरला पोचला. दुसऱ्या दिवशी महायुद्ध संपलं. यावर हसावं की रडावं कळत नाही. त्यातला तो टग, लौरिंदो पिट्टा, मात्र टिकला. कितीतरी वर्षं रिओमध्ये तो पर्यटकांना खाडीत फिरवून आणायचा.

पण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते ताहिती नावाच्या बोटीने. १० जुलै १९१८ ला ती न्यूझीलंडहून १,११७ सैनिक घेऊन निघाली, वर शंभरेक खलाशी. २२ ऑगस्टला फ्रीटाऊनला थांबली. गावात आजार आहे हे कळल्यावर सैनिकांना उतरू दिलं नाही. म्हणजे क्वारंटाईन पाळलं! पण ताफ्याच्या बैठकीसाठी अधिकारी गेले ते नेमके मांटुआवर. शिवाय कोळसा वगैरे घ्यायचा होताच. माणसांना खाली उतरू न देणं आणि आजाराला वर चढू न देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्यालाही २०२० मध्ये हळूहळूच कळलं. सोसायटीच्या गेटला कुलूप, आणि आत लिफ्टचं बटण सगळ्यांचं एकच.

२६ ऑगस्टला बोट निघाली तेव्हा पहिले रोगी दिसू लागले. पुढचे दोन आठवडे भर समुद्रात. थांबता येत नाही, परत फिरता येत नाही, ताफा सोडता येत नाही. बोटीवरचं इस्पितळ इनमीन काही खाटांचं, आणि बहुतेक सगळी बोट आजारी. डेकवर पथाऱ्या. रोज शिवलेल्या कॅनव्हासमध्ये गुंडाळलेली प्रेतं समुद्रात. १० सप्टेंबरला इंग्लंडला पोचेपर्यंत ६८ सैनिक मेले होते, नंतर किनाऱ्यावर आणखी ९. पुढे चौकशी बसली, तिने गर्दी आणि हवा खेळती नसण्याला दोष दिला.

हल्ली संशोधकांनी या बोटीच्या नोंदी पुन्हा तपासल्या. त्यात एक गोष्ट निघाली ती अगदी उलटी वाटावी अशी. उघड्या मोठ्या दालनात हॅमॉकमध्ये झोपणाऱ्यांपेक्षा केबिनमध्ये झोपणाऱ्यांचा मृत्युदर चौपट होता. चौपट! केबिन म्हणजे ऐष, असं आपल्याला वाटणार. पण बंद खोलीत श्वास तिथल्या तिथे फिरत राहतो. दार-खिडक्या उघड्या ठेवा हे आपल्याला २०२१ पर्यंत सांगावं लागत होतं, आणि ताहितीच्या मृतांच्या यादीत ते १९१८ पासून लिहून ठेवलेलं होतं.

आता थोडं मुंबईचं, कारण त्याशिवाय ही गोष्ट आपली होत नाही. फ्रीटाऊनच्या दोन महिने आधी, जून १९१८ मध्ये, मुंबईत पोलिसांचे सात शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. त्यातला एक गोदीवर नेमणुकीला होता. मग गोदीतले लोक, पोर्ट ट्रस्टचे कामगार, कचेऱ्यांतले कारकून. आरोग्य अधिकारी टर्नर यांचं म्हणणं, मे अखेरीस गोदीत आलेल्या जहाजाच्या खलाशांनी ताप आणला. सरकारी बाजू म्हणे, छे, खलाशांनाच तो मुंबईत लागला. ही वादावादी ओळखीची वाटते ना? तापाची दुसरी लाट सप्टेंबरात आली. तोवर पावसाने दगा दिलेला, धान्य महाग. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. देशात एकूण किती गेले त्याचे अंदाज १ कोटी २० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत जातात. रेल्वेने ताप आत नेला. रेल्वेसुद्धा कोळशावरच चालायची, असो.

युद्धानंतर काही वर्षांत मोठ्या बोटी कोळसा सोडून तेलावर गेल्या. साथीमुळे नव्हे, पैशामुळे. तेल पाइपने भरता येतं, त्याला पोती लागत नाहीत, आणि भट्टीपाशी फावडं घेऊन माणसांची फौज लागत नाही. आगवाल्यांची संख्या झपाट्याने घटली. ज्यांच्याशिवाय बोट हलत नव्हती ते काही वर्षांत खर्चाच्या रकान्यातून उडाले. आज मित्राच्या टँकरवर सगळी मिळून वीस-पंचवीस माणसं असतात, आणि इंजिन रूम रात्री रिकामीसुद्धा राहू शकते. काही बिघडलं तर अलार्म त्याच्या केबिनमध्ये वाजतो.

म्हणूनच २०२० मध्ये बोटी थांबल्या नाहीत. तेल आलं, गहू आला, आपले ऑनलाइन मागवलेले ट्रायपॉड आले. वर्षअखेरीस सुमारे ४ लाख दर्यावर्दी कॉन्ट्रॅक्ट संपूनही जहाजांवर अडकलेले होते, आणि आपल्याला ते जाणवलंही नाही. १९१८ ला माणूस आजारी पडला की बोट अडायची, म्हणून निदान कुणीतरी मोजत होतं की ६०० पैकी ५०० आले नाहीत. मित्राच्या बाबतीत अडलं ते फक्त बेअरिंग. त्याच्यासाठी मात्र कंपनीची रोज ईमेल यायची :-(

तो ऑगस्टमध्ये घरी आला, चौदा दिवस हॉटेलात काढून. बेअरिंग त्याच्या आधी एक महिना बोटीवर पोचलं होतं.

ताहितीचं पुढे काय झालं ते राहिलंच. युद्धानंतर ती पुन्हा प्रवासी बोट झाली. १५ ऑगस्ट १९३० च्या पहाटे पॅसिफिकमध्ये, रारोटोंगापासून बऱ्याच दूर, तिच्या एका पंख्याचा शाफ्ट तुटला, तुटलेल्या तुकड्याने तळ फाडला आणि पाणी आत येऊ लागलं. इंजिन रूमच्या लोकांनी तब्बल अडीच दिवस ते पाणी थोपवून धरलं, तोवर मदतीला दुसरी जहाजं आली. १७ तारखेला ताहिती बुडाली. एकही माणूस मेला नाही. जेव्हा इंजिन अगदी ठणठणीत चालत होतं तेव्हा ७७ गेले होते, आणि इंजिनाने बोटच फाडली तेव्हा शून्य.

हे सगळं मी मित्राला रात्री एका दमात सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "शाफ्ट नक्की कुठे तुटला, लिहिलंय का कुठे?"